गेलेल्या कार्यकर्तीची आठवण कोणत्या नात्याने? दोन पुस्तकं शेजारी ठेवून

‘स्त्रिया आणि चळवळ’ या बाजूचा विषय घेऊन पीएचडीची तयारी करत असाल, तर एक अडचण सिनॉप्सिस लिहितानाच समोर येते. ज्यांच्यावर काम करायचंय त्यातल्या बहुतेक बायका आज हयात नाहीत. मग आपण मिळेल ते गोळा करायला लागतो. स्मरणिका, निधनवार्ता, विहारातले फोटो, घरच्यांनी सांगितलेल्या आठवणी. फाईल जाड होते आणि वाटतं, चला, मटेरियल जमलं.

इथे थोडं थांबा. आठवण आपोआप साठत नाही. ती कुणीतरी ठेवलेली असते, कशासाठी तरी ठेवलेली असते, आणि गेलेल्या बाईला एका ठरावीक नात्यात बसवून ठेवलेली असते. आई म्हणून, बायको म्हणून, अनुयायी म्हणून, किंवा क्वचित संघटनेची सदस्य म्हणून. ते नातं कोणतं, हे आधी वाचता आलं पाहिजे. नाहीतर आपण आठवणीची भाषा जशीच्या तशी प्रबंधात उतरवतो आणि त्यालाच निष्कर्ष समजतो.

आज यासाठी दोन पुस्तकं शेजारी ठेवूया. एक आपलं, ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ (स्त्री उवाच प्रकाशन, मुंबई, १९८९). दुसरं अमेरिकेतलं, पॉला गिडिंग्ज यांचं ‘इन सर्च ऑफ सिस्टरहुड’ (१९८८). पहिलं आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांबद्दल आहे, दुसरं डेल्टा सिग्मा थीटा या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघटनेबद्दल. दोन्ही वर्षाच्या अंतराने आली, दोन्ही आतल्या बायकांनी लिहिली. गिडिंग्ज स्वतः डेल्टाच्या सदस्य, आणि पवार-मून याच समाजातल्या, याच चळवळीतल्या. तरीही गेलेल्या बायका या दोन पुस्तकांत फार वेगळ्या वाटेने येतात.

आधी ‘सोरोरिटी’ म्हणजे काय ते

अमेरिकेत कॉलेजच्या विद्यार्थिनींनी काढलेल्या संघटनांना सोरोरिटी म्हणतात. गोऱ्या मुलींच्या सोरोरिटींमध्ये कृष्णवर्णीय मुलींना प्रवेश नव्हता, तेव्हा त्यांनी आपल्या स्वतःच्या काढल्या. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १९०८ साली अल्फा कप्पा अल्फा निघाली. १९१३ च्या जानेवारीत तिथेच २२ विद्यार्थिनींनी डेल्टा सिग्मा थीटा स्थापन केली. दोन महिनेही झाले नव्हते, तर ३ मार्च १९१३ ला डेल्टाच्या मुली वॉशिंग्टनमधल्या स्त्रियांच्या मताधिकाराच्या मोर्चात उतरल्या.

पदवी मिळाली की नातं संपलं असं या संघटनांत होत नाही. सदस्यत्व आयुष्यभराचं असतं आणि सेवा हा त्याचा गाभा मानतात. अल्फा कप्पा अल्फाने १९३५ पासून काही वर्षं मिसिसिपीच्या कापूस पिकवणाऱ्या भागात आरोग्य प्रकल्प चालवला. डॉ. डोरोथी फेरेबी यांच्या नेतृत्वाखाली बायका उन्हाळ्यात तिथे जायच्या, शेतमजुरांच्या मुलांना लसी द्यायच्या, तपासण्या करायच्या.

आता आपल्या मुद्द्याची गोष्ट. सदस्य वारली की या संघटनांत तिच्यासाठी खास शब्द आणि खास विधी आहेत. अल्फा कप्पा अल्फामध्ये गेलेल्या सदस्येला ‘आयव्ही बियॉन्ड द वॉल’ म्हणतात, म्हणजे भिंतीपलीकडे गेलेली वेल. डेल्टामध्ये म्हणतात की ती ‘ओमेगा ओमेगा’ शाखेत गेली. ओमेगा हे ग्रीक वर्णमालेचं शेवटचं अक्षर. जिवंतपणी ती अमुक शहराच्या शाखेत होती, आता या शाखेत आहे. शाखा बदलली, सदस्यत्व गेलं नाही. अंत्यविधीच्या वेळी संघटनेतल्या बायका आपला वेगळा विधी करतात. घरचे आई म्हणून निरोप देतात, संघटना आपली बहीण म्हणून निरोप देते.

अभ्यासकाच्या दृष्टीने याचा अर्थ काय? गेलेल्या बाईची एक नोंद अशी शिल्लक राहते, जी तिच्या नवऱ्यामुलांवर अवलंबून नाही. ती कोणत्या साली आली, कोणत्या शाखेत होती, काय पद होतं, कधी गेली. गिडिंग्ज यांच्या हाताशी अशा नोंदींची परंपरा असलेली संघटना होती.

आणि आपल्याकडे?

मी हे नागापूरहून लिहितेय, अहिल्यानगरच्या एमआयडीसीला लागून असलेल्या भागातून. इथे काय किंवा तुमच्या गावात काय, गेलेल्या बाईची आठवण कुठे लिहिलेली सापडते ते आठवून बघा. चौकातला फ्लेक्स, विहारातला पंखा, पाण्याची टाकी, सभागृहातल्या खुर्च्या. मजकूर साधारण ठरलेला: कालकथित अमुकबाई यांच्या स्मरणार्थ, त्यांचे चिरंजीव तमुक यांजकडून सप्रेम भेट. त्यात मुलाचं नाव, कधी त्याचं पद, कधी मोबाईल नंबरसुद्धा. बाई काय करत होती, हे त्या पाटीवर नसतं.

यातला ‘कालकथित’ हा शब्द मात्र नीट बघा, कारण तो साधा नाही. ‘कै.’ म्हणजे कैलासवासी. १९५६ च्या धर्मांतरानंतर ज्यांनी देवदेवता नाकारल्या त्यांनी मेल्यावर कैलासाला जायचं कसं? म्हणून महाराष्ट्रातल्या बौद्धांनी गेलेल्या माणसासाठी ‘कालकथित’ रूढ केला, तेराव्याऐवजी जलदान विधी आणि पुण्यानुमोदन आलं. भिंतीपलीकडच्या वेलीइतकाच हा विचारपूर्वक घडवलेला शब्द आहे. एका समाजाने मरणाची भाषासुद्धा बदलून घेतली.

पण शब्दाने धर्म बदलला, नातं बदललं नाही. कालकथित बाई अजूनही कुणाची तरी मातोश्रीच आहे. चाळीस वर्षं महिला मंडळ चालवणारी बाई आणि कधी घराबाहेर न पडलेली बाई, दोघींची पाटी सारखीच असते. आईपण कमी महत्त्वाचं आहे असं मी म्हणत नाही. मी म्हणतेय की पाटीवरून या दोघींमधला फरक तुम्हाला कळणार नाही, आणि तुमचा प्रबंध नेमका त्या फरकावर उभा आहे.

सगळ्यात मोठं उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. १९२८ साली मुंबईत अस्पृश्य मानल्या गेलेल्या स्त्रियांचं एक मंडळ निघालं. त्याच्या अध्यक्षा होत्या रमाबाई आंबेडकर. २७ मे १९३५ ला रमाबाई गेल्या. तेव्हापासून त्यांची आठवण गाण्यांतून, फोटोंतून, दरवर्षीच्या कार्यक्रमांतून अखंड चालू आहे. कोणत्या नावाने? रमाई. त्याग करणारी, गोवऱ्या थापणारी, साहेबांच्या पाठीशी उभी राहणारी आई. हे प्रेम खरं आहे, त्याची थट्टा करायची नाही. पण तुमच्या ओळखीतल्या दहा जणांना विचारा की रमाबाई कोणत्या संघटनेच्या अध्यक्षा होत्या. जिची आठवण सर्वात जास्त काढली जाते, तिचं संघटनेतलं पदच आठवणीतून गळालंय.

पवार आणि मून यांनी काय केलं

‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक या पार्श्वभूमीवर वाचा, म्हणजे त्याचं मोठेपण कळतं. पहिल्या भागात स्त्रियांच्या सहभागाचा इतिहास आहे. चळवळीच्या वर्तमानपत्रांतल्या बातम्या, परिषदांचे अहवाल, ठराव, जिथे जिथे स्त्रियांचा उल्लेख सापडला तो वेचून एका ओळीत आणलाय. दुसऱ्या भागात एकेका कार्यकर्तीची ओळख आहे, बरीचशी प्रत्यक्ष भेटून, बोलून मिळवलेली.

या दोन लेखिकांकडे सदस्यांची यादी नव्हती. महिला मंडळं निघत होती, बंद पडत होती, पुन्हा निघत होती. वह्या कुणाच्या तरी घरी, घरं चाळीत किंवा झोपडपट्टीत. मग एक बाई दुसरीचं नाव सांगते, दुसरी तिसरीचं. ज्या गेल्या त्या हयात असलेल्यांच्या बोलण्यातून येतात. म्हणजे सोरोरिटीत जे काम नोंदवहीने केलं, ते इथे बायकांच्या आपसातल्या ओळखीने केलं.

नागपूरच्या जाईबाई चौधरी घ्या. नागपूर-कामठी रस्त्यावर डोक्यावर ओझी वाहणारी ही बाई शिकली, शिकवायला लागली, आणि १९२२ च्या सुमारास तिने चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. राधाबाई कांबळे घ्या. नागपूरच्या गिरणीतली कामगार, युनियनची पुढारी, ब्रिटिश सरकारने नेमलेल्या मजूर आयोगापुढे साक्ष देणारी. सुलोचनाबाई डोंगरे घ्या. २० जुलै १९४२ ला नागपुरात भरलेल्या दलित वर्गाच्या महिला परिषदेच्या अध्यक्षा. त्या परिषदेत घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, गिरणीतल्या बायकांना रजा, असे ठराव झाले. साल १९४२ आहे हे लक्षात घ्या. हिंदू कोड बिल अजून लांब होतं.

पुस्तकाचं खरं काम इथे आहे. ‘मातोश्री’ असलेल्या बायकांना ते ‘कार्यकर्ती’ या नात्यात आणून बसवतं. ठराव कुणी मांडला, अनुमोदन कुणी दिलं, वर्गणी कुणी जमवली. शीर्षकातल्या ‘आम्हीही’ मधल्या त्या ‘ही’चा अर्थ मला असाच लागतो.

आता टीका

कौतुक करून थांबलो तर समीक्षा होत नाही, म्हणून दोन्ही पुस्तकांच्या मर्यादा बघू.

‘आम्हीही इतिहास घडवला’ मधल्या मुलाखतींत एक क्षण पुन्हा पुन्हा येतो, तो म्हणजे बाबासाहेबांना पाहिल्याचा, ऐकल्याचा, त्यांच्याशी बोलल्याचा. सांगणारीचा आवाज तिथे उजळतो आणि बाकीचं आयुष्य त्या क्षणाच्या आधी नि नंतर असं विभागलं जातं. परिणाम असा की कार्यकर्ती पुन्हा एका नात्यात बसते, या वेळी अनुयायी म्हणून. मंडळात बायका आपसात काय करत होत्या, त्यांच्यात कशावरून वाद झाले, अध्यक्षपद कुणाला आणि का मिळालं, १९५६ नंतर काय मोडलं, हे ओघात येतं, मधूनमधून निसटतं. नवरा, दारिद्र्य, मुलांचे मृत्यू यांबद्दल बायका स्पष्ट बोलतात. एकमेकींबद्दल तितक्या स्पष्ट बोलत नाहीत.

पण हीच मर्यादा संशोधनाच्या दृष्टीने उपयोगाचीसुद्धा आहे. ज्या बाईला जन्मतारीख माहीत नाही ती ‘बाबासाहेब आमच्याकडे आले होते त्या साली’ असं सांगते. हे तिचं कॅलेंडर आहे. ‘मूकनायक’ (१९२०), ‘बहिष्कृत भारत’ (१९२७), ‘जनता’ (१९३०), ‘प्रबुद्ध भारत’ (१९५६) या पत्रांतल्या दौऱ्यांच्या आणि सभांच्या बातम्यांशी तिचं वाक्य ताडून बघितलंत तर साल हाती लागू शकतं. भक्ती म्हणून सोडून दिलेलं वाक्य असं कालगणनेचा पुरावा होतं.

आता गिडिंग्ज. त्यांच्याकडे कागद होते, आणि कागदांची एक खोड असते. कागद वरच्यांचे जास्त असतात. पुस्तकाचा बराच भाग राष्ट्रीय अध्यक्षा, अधिवेशनं, धोरणं यांच्या आधाराने पुढे सरकतो. एखाद्या लहान गावातल्या शाखेत तीस वर्षं चहा करणारी, हिशेब ठेवणारी सदस्य तिथे धूसरच राहते. शिवाय मूळ प्रश्न उरतोच: यादीत येण्यासाठी आधी कॉलेजात जावं लागतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किती कृष्णवर्णीय मुली कॉलेजात पोचत होत्या? मिसिसिपीत ज्या बायकांच्या मुलांना लस दिली, त्या बायका सदस्य नव्हत्या. त्यांच्यासाठी ओमेगा शाखा नाही.

म्हणजे हिशोब असा आहे. नीट नोंद ठेवणारी संघटना दारही अरुंद ठेवते. सगळ्यांना घेणाऱ्या महिला मंडळाचं दार उघडं होतं, ओझी वाहणारी जाईबाई आणि गिरणीतल्या राधाबाई तिथे पुढारी होऊ शकल्या, पण वही नव्हती. एकीकडे आठवण टिकली पण मोजक्या जणींची, दुसरीकडे कितीतरी जणी आल्या आणि आठवण विखुरली. ‘त्यांच्याकडे बघा किती छान जपलंय, आपल्याकडे काहीच नाही’ हा सूर म्हणूनच मला पटत नाही. तुलना करायची ती कमीपणा शोधायला नाही. कोणत्या रचनेतून कोणती आठवण तयार होते, ते समजायला करायची.

एक अपवाद बघा, त्याने हा मुद्दा पक्का होतो. नाशिकच्या शांताबाई दाणी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आणि पुढे रिपब्लिकन पक्षात काम करत राहिल्या, विधान परिषदेवर गेल्या, २००१ साली वारल्या. लग्न केलं नव्हतं. त्यांची आठवण निघते ती पक्ष, सत्याग्रह, शिक्षणसंस्था यांच्या संदर्भात. भावना भार्गवे यांनी शब्दांकन केलेलं ‘रात्रंदिन आम्हा’ हे आत्मकथनही त्यांच्या मागे आहे. मातोश्रीची चौकट इथे लागूच होत नव्हती, म्हणून कार्यकर्ती ठळक राहिली. प्रश्न असा की ज्यांना नवरा-मुलं होती, त्यांचं काम दिसण्यासाठी त्या एकट्या असायला हव्या होत्या का?

तुमच्या कामासाठी

आता प्रत्यक्ष फिल्डवर जाताना हे कसं वापरायचं?

पहिलं, आठवणीचं प्रत्येक साधन हाती आलं की चार प्रश्न वहीत लिहा. आठवण कुणी ठेवली? खर्च कुणी केला? गेलेली बाई कोणत्या नात्याने उभी आहे? आणि कोणतं नातं गाळलंय? फ्लेक्स असो, स्मरणिका असो की थेट ‘आम्हीही इतिहास घडवला’, चारही प्रश्न लागू होतात.

दुसरं, नावाआधीचे शब्द वाचा. सौ., श्रीमती, गं. भा., कै., कालकथित. जुन्या पत्रकात एखादीच्या नावाआधी ‘सौ.’ असेल तर त्या वेळी नवरा हयात होता हे कळतं. ‘कै.’चं ‘कालकथित’ कधी झालं यावरून त्या घराचा धर्मांतराशी असलेला संबंध शोधता येतो. सरकारी कागदांतही बाईचं नाव बहुधा नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या नावासह येतं. ६ डिसेंबर १९६४ ला सुरू झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात अनेक बायका तुरुंगात गेल्या. त्यांचा माग काढायचा असेल तर पुरुषाचं नाव माहीत असणं नाइलाजाने गरजेचं होतं. ते वापरा, पण प्रबंधात तिला तिच्या नावाने उभं करा.

तिसरं, मुलाखत एकटीची घ्या, आणि मग दोघी-तिघींची एकत्र घ्या. घरात बसलं की प्रश्न आईला आणि उत्तर मुलाचं, हा अनुभव तुम्हाला येणारच. मुलावर चिडू नका, तोही आठवणीचा राखणदार आहे. पण मैत्रिणी जमल्या की ‘ती गेली बघ, तिने तेव्हा पोलिसाला काय सुनावलं होतं’ अशी वाक्यं येतात. गेलेली सदस्य सदस्य म्हणून तिथेच बोलली जाते.

चौथं, नैतिकतेचा भाग. संमतीपत्रावर सही करायला गेलेली बाई नाही. घरच्यांची परवानगी ही घरच्यांची असते, तिची नाही. दुसरीने तिच्याबद्दल सांगितलेली खासगी गोष्ट छापायची की नाही, हे ठरवताना एवढंच विचारा की ती समोर बसली असती तर हे वाक्य तिला वाचून दाखवता आलं असतं का.

हे सगळं आत्ताच का? १९६४ साली वीस वर्षांची असलेली मुलगी आज ऐंशीच्या पुढे आहे. १९४२ ची परिषद पाहिलेल्या जवळपास सगळ्या गेल्या असतील. तुमची कोर्सवर्कची परीक्षा, गाईडची सही, सहा महिन्यांचा अहवाल, हे सगळं होईपर्यंत ज्यांच्याकडे जायचंय त्यांतल्या काही जणी नसतील. पवार-मून यांनी १९८० च्या दशकात गाठलेल्या बायका त्याच वेळी गाठल्या नसत्या, तर आज आपल्याकडे त्यांची फक्त पाटी असती.

म्हणून पुढच्या पोस्टची वाट न बघता एक काम करा. तुमच्या भागातल्या एका महिला मंडळाचं नाव मिळवा, चालू असो की बंद पडलेलं. हयात असलेल्या एका सदस्येला भेटा आणि तिच्या स्वतःच्या आयुष्याबद्दल विचारायच्या आधी विचारा, ‘मावशी, तुमच्या मंडळातल्या ज्या गेल्या, त्यांची नावं सांगा, आणि मंडळात कोण काय करायचं ते सांगा.’ ती सांगेल तशी, तिच्या क्रमाने लिहून घ्या. नवऱ्यांची नावं नंतर विचारा. त्या कागदावर तारीख घाला, आणि त्याची एक प्रत तिच्याच हातात देऊन या.